समुद्र नसला म्हणून काय झाले, कूलर आहेत ना!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीला लेकीकडे वर्सोव्याला जाऊन आलो. तिची बिल्डिंग समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, वय ३४ वर्षे. गेल्या गेल्या जावयांनी स्वयंपाकघराचे छत दाखवले. "बाबा, मागच्याच वर्षी गिलावा केला होता, परत फुगला." आयुष्य बांधकामावर देखरेख करण्यात गेलेले, राहवते कुठे? स्टुलावर चढून लाटण्याच्या टोकाने ठोकून पाहिले. धड काँक्रीट खणखणीत वाजते. इथे बद्द आवाज, आणि तोही डागाच्या पुढे हातभर. पोपडा निघाला तेव्हा आत सळई बारीक झालेली, बोटाला तांबडी भुकटी.

चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) १२.५ च्या वर असतो. त्या अल्कलीमुळे सळईवर न दिसणारा एक थर धरतो आणि ती गंजत नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड, म्हणजे मिठाचा घटक, आत झिरपत सळईपर्यंत पोचले की तो थर फुटतो. पुढे गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि काँक्रीटला आतूनच फोडतो. आधी सळईच्या रेषेत केसासारखी भेग पडते, मग तपकिरी ओघळ येतात, मग फुगवटा. आपण जागे होतो ते तुकडा डोक्यात पडायची वेळ आल्यावर. मला विचाराल तर त्या पहिल्या भेगेलाच घाबरायला हवे.

आणि होते काय? मिस्त्री येतो, सैल भाग पाडतो, गंजक्या सळईवरच माल थापतो, वरून रंग. अशा ठिगळाच्या कडेला, जुन्या खारावलेल्या काँक्रीटमध्ये गंज उलट जोमाने वाढतो. लेकीच्या छतावर नेमके हेच झाले होते. खरी दुरुस्ती म्हणजे आधी गळती बंद करायची, टेकू लावायचे, सळईच्या मागे बोट जाईल इतके काँक्रीट काढायचे, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचे, फार झिजले असेल तर जोडसळई टाकायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) भरायचे. त्याआधी क्लोराइड कुठवर शिरले आहे हे तपासायला हवे. हे काम खर्चाचे आहे, आणि सोसायटीच्या सभेत खर्च म्हटले की सगळ्यांना घरची कामे आठवतात.

अमेरिकेतील फ्लोरिडात सर्फसाइडची बारा मजली समुद्रकाठची इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळून ९८ माणसे गेली. पोहण्याच्या तलावाशेजारच्या स्लॅबला उतार नाही, पाणी साचून खालचे काँक्रीट खराब होत आहे, असे अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिले होते. कोसळण्याची कारणे एकाहून जास्त असतील, पण ती तीन वर्षे कशात गेली? बरीचशी खर्चाच्या वादात.

हे नागपूरच्या वर्तमानपत्राला का लिहितो? परत आल्यावर शेजारी म्हणाले, "आपल्याला काय भेव, समुद्र शेकडो किलोमीटर दूर!" मी त्यांना त्यांच्याच खिडकीखाली नेले. उन्हाळ्याचे चार महिने कूलर त्या सज्जावर ठिबकतो. दिवसभर ओले, पंप बंद झाला की ४५ अंशांच्या उन्हात खडखडीत कोरडे. आयएस ४५६ : २००० या आपल्या काँक्रीटच्या भारतीय मानकात आळीपाळीने ओले-कोरडे होणारे काँक्रीट आणि समुद्रकाठचे काँक्रीट एकाच 'तीव्र' वर्गात आहे. दोन्हींना सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. आपल्या जुन्या सज्जांना पंधरा मिळाले तरी नशीब. मिठाऐवजी इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा सामू नऊच्या खाली आणतो आणि कूलरचे पाणी पुढचे काम करते. शेजाऱ्यांच्या सज्जाखाली सळईच्या रेषेत तपकिरी ओघळ होताच. त्यावर यंदाच पांढरा रंग दिलेला.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायला सांगितले आहे. आमच्या भागातल्या किती सोसायट्यांनी ते केले, हे वाचकांनी आपापल्या सचिवांना विचारावे. आमच्या सचिवांना मी विचारले. त्यांनी मला रंगकामाचे बिल दाखवले!

रंगाचा ठेकेदार आणि परीक्षण करणारा अभियंता एकच नसावा, एवढे मात्र बघावे. दुरुस्तीच्या बिलावर ज्याचे पोट, तो "वरवरचे आहे" तरी म्हणेल नाहीतर "सगळेच पाडा" म्हणेल.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. मी लहान हातोडी आणि फिनॉल्फ्थॅलिनची बाटली घेऊन जाणार आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडले की निरोगी भाग गुलाबी होतो, कस गेलेला तसाच राखाडी राहतो. शेजाऱ्यांनी आपला सज्जा फोडायला परवानगी दिली आहे. कूलर मात्र त्यांनी अजून उतरवलेला नाही.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर