बुलेट नव्हे, लुना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कळमना बाजारातले एक ओळखीचे व्यापारी माझ्याकडे आले. म्हणाले, ‘काकू, आमचं टेरियर जातीचं पिल्लू तुम्ही ठेवून घेता का? नऊ महिन्यांचं झालं. उंदीर समोरून गेला तरी नुसतं पाहत बसते. बिनकामाचं निघालं.’ मी ठेवून घेतलं नाही. त्यांना चहा पाजला आणि आमच्या बुलेट नावाच्या कुत्र्याची हकिकत सांगितली. पण आमचं कुत्रं पाहून बाजारातल्या आणखी दोघा-तिघांना आता तसलं पिल्लू आणायचं आहे. प्रत्येकाला बसवून चहा पाजणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

माझं तूर-हरभऱ्याचं लहानसं गोदाम आहे. यजमान गेल्यापासून अकरा वर्षं मीच बघते. धान्य तिथे उंदीर आलेच, पण खरा त्रास घुशींचा. उंदीर पोतं कुरतडून पोटापुरतं खातो, घूस मात्र बिळात साठा करते. भिंतीच्या पायाशी बीळ उकरलं की पसापसाभर तूर निघते. पिंजरे झाले, औषधं झाली. शेवटी नातवानं हट्ट करून दसऱ्याला जॅक रसेल टेरियरचं अडीच महिन्यांचं पिल्लू आणवलं आणि नाव ठेवलं बुलेट.

हा बुलेट सहा महिन्यांचा झाला तरी दिवसभर दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात लोळायचा. पट्टा सरकला की हाही सरकायचा. हमालांनी त्याचं नाव बदलून टाकलं. ‘बुलेट कायची काकू, लुना होय हे. पायडल मारल्याबिगर चालू नाही होत.’ मीही हसले. आणि मग पायडल मारायला गेले, तिथेच चुकलं.

कुत्री पाळण्याचा दांडगा अनुभव सांगणाऱ्या एका गृहस्थांनी उपाय सुचवला: पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पत्र्याच्या पिंपात सोडायचा आणि वरून पिल्लाला आत उतरवायचं, म्हणजे ‘आपोआप डेअरिंग येते’. त्या रात्री पिंजऱ्यात नेमकी घूस आली होती. सकाळी चार हमाल मजा बघायला जमले, हे लिहितानाही लाज वाटते. घुशीनं नाकाला असा चावा घेतला की पिल्लाचं केकाटणं रस्त्यापर्यंत गेलं. पुढे दोन महिने कुणी रिकामं पिंप नुसतं सरकवलं तरी तो अंग चोरून माझ्या खुर्चीखाली शिरायचा.

जखम दाखवायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं कमी आणि मला झापलं जास्त. कुत्र्याचे दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात. म्हणजे त्याचे पक्के दात नुकते कुठे आले होते, जबड्यात अजून ताकद भरायची होती. त्यात टेरियरला पुरती समज यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ‘तुमचा नातू सातवीत आहे ना? त्याला उद्यापासून गादीवर बसवाल का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नातवानं मग या जातीचा इतिहास शोधून काढला. जॉन ऊर्फ जॅक रसेल (१७९५–१८८३) हे इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातले पाद्री. त्यांनी ही कुत्री कोल्ह्याच्या शिकारीसाठी घडवली. पण कोल्ह्याला मारणं हे त्यांचं काम नव्हतंच. बिळात शिरायचं, भुंकून भुंकून कोल्ह्याला बाहेर पडायला लावायचं, की संपलं. दिसेल त्याचा फडशा पाडणारं तापट कुत्रं रसेलसाहेबांना नको असे. हे कळल्यावर बुलेटचं ‘नुसतं पाहत बसणं’ मला जरा वेगळं दिसायला लागलं.

मी उंदरांचा विषयच बंद केला. सकाळी सहाला गोदाम उघडलं की बारदान्याचा एक तुकडा सुतळीला बांधून त्याच्यापुढून ओढायचा, पाच मिनिटं. तो रंगात आला की खेळ थांबवायचा. दमेपर्यंत खेळवलं तर दुसऱ्या दिवशी ढुंकून बघत नाही, हे आठवड्याभरात लक्षात आलं. नाव घेतल्यावर कुठूनही परत यायचं, एवढी एकच शिस्त मी रोज घोटून घेतली. थप्पी हलवताना लांब दोरीला बांधून त्याला बाजूला बसवायची आणि ‘छू’ म्हणायला सगळ्यांना सक्त मनाई. हमालांना हे फार जड गेलं. बाकीचं शिकवलं काळीनं. काळी म्हणजे चौकीदाराची गावठी कुत्री. पोतं उचललं की उंदीर कुठल्या फटीतून निघणार हे तिला आधीच ठाऊक असतं. ती तिथे जाऊन उभी राहायची, आणि हा दोरीला तिच्याकडे बघत बसायचा.

मधे उन्हाळा आला. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात वर पत्रे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच गार होतं. सकाळी आठनंतर बुलेट पाण्याच्या माठाला चिकटून पडायचा आणि मी त्याला पडू द्यायची. दिवाळीला पिल्लू आणायचं आणि मे महिन्यात ‘आळशी निघालं’ म्हणायचं, असा आपल्याकडचा हिशेब आहे. मे महिन्यात माझे हमाल तरी कुठे धावतात?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बुलेट चौदा महिन्यांचा होता. पोरं नंदी घेऊन निघालेली, निम्मे हमाल मारबत, म्हणजे इडापिडा घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेलेले, गोदामात आम्ही तिघं-चौघंच. आरडाओरडा करायलाच कुणी नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते घडलं. हरभऱ्याच्या जुन्या थप्पीचा शेवटचा थर उचलायचा होता. काळी एका बाजूला उभी. बुलेट दुसऱ्या बाजूला गेला, थबकला, पुढचा एक पाय वर घेतला आणि तसाच राहिला. शेपूट थरथरत होती. माझ्या तोंडाशी आलेलं ‘छू’ मी गिळलं आणि हातातली दोरी सोडून दिली. पोतं उचललं, उंदीर निघाला, यानं मानेला धरून एक झटका दिला आणि खाली टाकून माझ्याकडे पाहिलं. दुसरा सुटला. तिसरा काळीनं घेतला. हमाल ओरडला, ‘लुना चालू झाली ना काकू! इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’

पुढचे पंधरा दिवस त्यानं पुन्हा काही केलं नाही. त्याचंही मी मनावर घेतलं नाही.

पिल्लू आणणाऱ्यांना एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी लागेल: कुत्रं किंवा औषध, दोन्ही नाही. ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या औषधाच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि नवशिक्या कुत्र्याच्या तोंडी तोच आधी लागतो. त्यातून विष कुत्र्याच्या पोटात जातं. आम्ही वड्या बंद केल्या. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन्ही शेजाऱ्यांना, औषध टाकाल त्या दिवशी सांगा, म्हणून हात जोडलेत. त्या दिवसांत बुलेट घरी. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी पावसाळ्याआधी द्यायची, ती चुकवत नाही.

आणि ते नाव घेतल्यावर परत येणं. मागच्या हिवाळ्यात गोदामामागच्या झुडपात मुंगूस दिसलं आणि बुलेट सुटला. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं, १९७२ च्या, संरक्षण आहे. शिवाय तो स्वतः उंदीर मारणारा, म्हणजे आमच्याच कामातला. मी एकदा हाक मारली. बुलेट अर्ध्या वाटेत थांबला, नाराजीनं का होईना, पण फिरला. उंदीर कमी मारले तरी मला चालेल, हे फिरणं मला हवं होतं.

त्या व्यापाऱ्यांना मी सांगितलंय की दिवाळीपर्यंत पिल्लू कुणाला देऊ नका, रोज सकाळी सहाला माझ्याकडे आणून काळीशेजारी बसवा. सोमवारपासून ते येताहेत. पिल्लू अजून काहीच करत नाही. काल माझ्या खुर्चीखाली झोपलं होतं.

आपली,
एक धान्य व्यापारी,
कळमना, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)