पोलादी डेक, ॲल्युमिनियमची केबिन आणि स्फोटाने साधलेला सांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोलादी डेकवर ॲल्युमिनियमची केबिन चढवली की बोटीचे वरचे वजन घटते आणि तिचा तोल सुधारतो, म्हणून जहाजबांधणीत ही रीत जगभर रूढ आहे. अडचण असते ती या दोन धातूंच्या सांध्याची. नट-बोल्टने जोडावे, तर मधले पॅकिंग झिजताच खारे पाणी आत शिरते आणि पोलादाच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. बोल्टभोवती पांढरी पूड साचू लागली की केबिनचा खालचा काठ पोखरला जातो आहे, असे समजावे. सरळ वेल्डिंग करावे, तर ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि लोखंडाला १५३८ अंश लागतात. शिवाय दोन्ही एकत्र वितळली, तरी त्यांच्या संयोगाने होणारी संयुगे काचेसारखी ठिसूळ निघतात.

यावरचा उपाय म्हणजे स्फोटाच्या साहाय्याने केलेले वेल्डिंग. त्याचे एक मूलभूत पेटंट अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीला १९६४ साली मिळाले, म्हणजे ही विद्या काही नवी नाही. वाळूच्या थरावर पोलादाची जाड प्लेट ठेवतात, तिच्यावर काही मिलिमीटरची फट राखून ॲल्युमिनियमची प्लेट बसवतात आणि त्यावर अमोनियम नायट्रेटयुक्त स्फोटक पसरून एका कडेने त्याचा स्फोट घडवतात. स्फोट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, तसतशी वरची प्लेट किंचित तिरकी होऊन खालच्या प्लेटवर आदळत जाते. टकरीच्या रेषेपुढे धातूचा पातळ झोत उसळतो, तो दोन्ही पृष्ठभागांवरचे ऑक्साइड खरवडून बाहेर फेकतो आणि उघडे पडलेले स्वच्छ धातू प्रचंड दाबाने एकमेकांना घट्ट धरतात. हे सारे इतक्या क्षणार्धात घडते, की ठिसूळ संयुगे वाढायला उष्णतेला अवधीच मिळत नाही. टकरीचा वेग धातूतील ध्वनीच्या वेगाहून कमी राखावा लागतो, त्यामुळे स्फोटक जितके जोरदार तितका सांधा पक्का, ही समजूत खरी नव्हे.

बोट बांधणाऱ्याने स्फोटकांना हात लावायची अर्थातच गरज नाही. ते काम परवानाधारकांचे आणि निर्जन जागेचे. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. यार्डाला हवी असते ती अशा जोडलेल्या प्लेटमधून कापलेली तयार पट्टी. तिच्या एका प्रचलित मापात खाली १९ मिमी पोलाद, मध्ये ९.५ मिमी शुद्ध ॲल्युमिनियम आणि वर ६ मिमी मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियम असते. मधला थर घालावा लागतो, कारण मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू पोलादाला थेट नीट धरत नाही. पोलादाची बाजू डेकला आणि ॲल्युमिनियमची बाजू केबिनला नेहमीच्या पद्धतीने वेल्ड केली, की पाणी शिरायला फट उरत नाही. वेल्डिंग करताना मात्र सांध्याचे तापमान सुमारे ३०० अंशांवर जाऊ देता कामा नये, नाहीतर स्फोटाने टाळलेली तीच ठिसूळ संयुगे तेथे वाढू लागतात आणि पट्टी उकलण्याची भीती असते. घाईने सलग वेल्ड ओढणाऱ्या कारागिराच्या हाती ही पट्टी देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पट्टी बोल्टपेक्षा महाग पडते हे खरे, पण केबिन उतरवून तिचा काठ बदलण्याचा खर्च मालकांनी हिशेबात धरावा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आयटीआयनी या पट्टीवरील वेल्डिंग तापमान मोजत प्रात्यक्षिकात घ्यावे आणि प्रवासी बोटींच्या तपासणीत डेक व केबिन यांमधले बोल्टचे सांधे उघडून पाहिले जावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग निरीक्षक, रत्नागिरी