तिसऱ्या मजल्यावरची रोझमेरी

जळगाव, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला आलात तेव्हा खिडकीतली माझी रोझमेरीची, त्या वासाच्या विलायती झुडपाची, कुंडी बघून बाबा म्हणाले होते, "झाडले उपाशी कसाले मारी ऱ्हायनी?" मी हसून चहा टाकायला गेले. उत्तर तुम्ही भडगावला पोचल्यावर सुचलं.

बाबा, आंबिया बहार, म्हणजे थंडी सरतानाचा फुलोरा, धरायला डिसेंबरात लिंबांचं पाणी कोण तोडतं? वखर घालून बारीक मुळ्या कोण तोडतं? मी तेच करते, वीतभर कुंडीत, बोन्साय करायला, म्हणजे झाड छोटंच ठेवून त्याला जुन्या वृक्षाचं रूप द्यायला. दर एक-दोन वर्षांनी झाड बाहेर काढायचं, मुळांचा तिसरा हिस्सा छाटायचा, पुन्हा बसवायचं.

आणि आता खरं सांगते. ही रोझमेरी दुसरी. पहिली मेली, पण उपासानं नाही. तुम्ही हौसेनं पिशवी भरून दिलेल्या आपल्या काळ्या मातीत मेली. ती माती कपाशीची. ओल धरून बसते आणि वाळली की भेगाळते. रोझमेरी भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची. महिन्याभरात मुळं कुजली. त्यात हे झाड लबाड, मेल्यावरही पानं कितीतरी दिवस हिरवीच. मी मेलेल्या झाडाला पाणी घालत बसले होते. तेव्हा फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

आता कुंडीत विटांचा चुरा, धुतलेली जाड वाळू आणि मूठभर शेणखत. बोट खुपसून बघते, वरचं पेर कोरडं लागलं तरच पाणी. दक्षिणेच्या खिडकीत थंडीभर ऊन मिळतं. आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी लागते, नाहीतर सगळं झाड काचेकडे झुकतं. एप्रिलपासून मात्र पूर्वेला हलवीन. तेव्हा सूर्य डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसं शिरत नाही.

खालची पानं काढल्यावर खोड म्हाताऱ्या बाभळीसारखं दिसायला लागलंय. कोवळ्या फांदीला अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळून वळण देता येतं. जून फांदी वाकवायला गेले तर काडकन मोडली. लिंबासारखं हिला कुठेही छाटून चालत नाही. पान नसलेल्या जून लाकडाला पुन्हा फुटवा येत नाही, म्हणून प्रत्येक फांदीवर थोडं हिरवं राखायचं.

छाटलेली पानं बटाट्याच्या भाजीत छान लागतात. एकदा भरतात घातली होती. तुमचे जावई अर्धी भाकरी खाऊन हळूच म्हणाले, "निलगिरीचं तेल सांडलं का गं?" भरताच्या वाटेला पुन्हा जाणार नाही.

आई, तुझ्याकडे एक मागणं आहे. मोरीपाशी तुझा जुना मरवा आहे ना, त्याचा बुंधा आता लाकडासारखा झाला असेल. त्याच्या बोटभर चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव. खालची पानं खुडून वाळूत खोचल्या की मुळं धरतील. या घरात गजऱ्यापुरता मरवा व्हायला हवा.

बाबा, सोबत माती मात्र पाठवू नका.

तुमची,
धाकटी