गटाराच्या जाळ्या आडव्या करा, ट्रॅकचं नंतर बघू

संपादक साहेब, नमस्कार,

सायकल ट्रॅकची बातमी आली की मला आता हसूच येतं. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०११ च्या आसपास ट्रॅक झाला, त्यावर सायकली कमी आणि पार्क केलेल्या गाड्याच जास्त दिसायच्या. २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते बंद ठेवून संडे स्ट्रीट्स सुरू केलं ते मात्र छान होतं, माझा भाचा तिथेच बॅलन्स शिकला, पण ऑफिस सोमवारी असतं त्याचं काय. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हींवर सायकलला मनाई, असू दे, तिथे जायला कोण मागतंय. माझं मागणं एका वेल्डरच्या अर्ध्या तासाचं आहे. रस्त्याच्या कडेला गटारावर लोखंडी जाळ्या असतात ना, त्यांच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या करा. बस.

मी पूर्व उपनगरात राहते, एलबीएस मार्गाने ऑफिस अकरा किलोमीटर, सहा वर्षं सायकलने जातेय. लायक्रा वगैरे काही नाही, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून, डबा मागे कॅरियरला. मागच्या डिसेंबरात आम्ही तिघी मैत्रिणी सायकलने गुहागरला गेलो, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, मग अलिबाग, मुरुड, आगरदांड्याला फेरीबोटीत सायकली चढवून दिघी, पुढे बागमांडला-वेश्वी आणि शेवटी दाभोळ-धोपावे. चढांवर जीभ बाहेर आली, केळशीच्या पुढे एकदा पंक्चर झालं, पण तिघींपैकी एकदाही कोणी पडलं नाही. मी पडले ती या जुलैत, घरापासून पाच मिनिटांवर.

सकाळचे सात, रात्रभर पाऊस झालेला, कडेला घोटाभर पाणी. मागून बस येत होती म्हणून मी नेहमीसारखी डावीकडे सरकले आणि पुढचं चाक थेट पाण्याखालच्या जाळीत. सायकल जागच्या जागी अडकली आणि मी हँडलवरून पुढे. एक पाववाला समोरून येत होता, त्याने आपली सायकल स्टँडला लावली, आधी माझी सायकल रस्त्यातून उचलली आणि मग मला (मागची बस बघता बरोबरच केलं त्याने). कॉलरबोन मोडलेलं, सहा आठवडे हात गळ्यात. तो म्हणाला, दीदी, किनारे से नहीं चलाने का, बीच में से चलाने का. त्याचे टायर बघितले, ते जुन्या काळ्या सायकलचे, अठ्ठावीस बाय दीड इंचाचे, बऱ्यापैकी जाड. माझा टायर फक्त २८ मिलिमीटर रुंद.

हात मोकळा झाल्यावर मी मेजर टेप घेऊन परत तिथे गेले, लोक बघत होते, बघू देत. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने उभ्या, दोन पट्ट्यांत ३५ मिलिमीटर जागा. माझं चाक आत जाणारच, बारीक टायरच्या इतर सायकलींचंही जाईल. आता पट्ट्या अशा का बसवतात तर पाणी कडेकडेने वाहत येतं आणि उभ्या फटीत ते पटकन शिरतं, हे मला मान्य आहे, मुंबईत पाणी जायलाच हवं. पण जाळी चौकोनी असेल तर उचलून नव्वद अंशात फिरवता येते, आणि लांबट असेल तर वर तीन-चार आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या, पाणी तरीही जातं आणि चाक वरून जातं.

मी पालिकेकडे तक्रार केली तर तिथल्या तक्रारींच्या मेनूमध्ये सायकलचा प्रकारच नाही, जवळात जवळचा पर्याय पाणी तुंबणे, तोच निवडला. चार दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली. जाऊन बघितलं तर वरची पानं आणि पिशव्या काढून जाळी लख्ख साफ केलेली, म्हणजे आता चाक अजून सहज जाईल!

तशीच दुसरी भानगड काँक्रीटच्या रस्त्यांची. रस्ता काँक्रीटचा, कड पेव्हर ब्लॉकची, दोन्ही वेगवेगळे खचतात आणि मध्ये लांबच लांब फट पडते. चाक एकदा त्यात गेलं की हँडल वळत नाही. माझे आजोबा परळला राहायचे, ते सांगायचे की ट्रामच्या रुळात चाक अडकून माणसं पडायची, रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचा. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, आम्ही अजून काटकोनातच ओलांडतोय. ही फट भरायला थोडं डांबर लागतं, टेंडर कशाला.

पाववाल्याचं ऐकून मी हल्ली कड सोडून चालवते, तर मागून हॉर्न आणि ए बाजूला घे. बाजूला घेतलं तर पार्क केलेल्या गाडीचं दार उघडतं. गाडीवाल्यांनो, उतरताना ड्रायव्हरचं दार उजव्या हाताने नाही, डाव्या हाताने उघडा, शरीर आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हाच सल्ला दिलाय, उजवं-डावं आपल्यासारखंच.

त्या जाळीत सध्या कोणीतरी गुलमोहराची फांदी खोचून ठेवलीय, वर लाल फडकं बांधून. मला वाटतं पाववाल्यानेच. फांदी वाळत आलीय, ती पडायच्या आत वेल्डर आला तर बरं.

पूर्व उपनगरातली एक सायकलवाली