जुन्या वस्तूंच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

मित्रांसोबत गाडी काढून गावोगावची जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालताना ज्यांनी मदत केली, त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

पहिला मान दुकानदार काकांचा. ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या एकावर एक रचू लागलो, तर त्यांनी हातच धरला. "उभ्या ठेवा! आडव्या ठेवल्या की वाकतात, आणि पडली तर काचेसारखी फुटते." मग प्रत्येकीमध्ये पुठ्ठा सरकवून खोकं स्वतः भरून दिलं. भावात मात्र तसूभर हलले नाहीत, ते सोडा. तबकड्या धडधाकट पोहोचल्या.

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून, उजेडाकडे धरून शटर कसं तपासायचं ते दाखवणाऱ्या ताई, लावलेलं कुलूप आमच्यासाठी पुन्हा काढणारे आजोबा, आणि पंक्चर काढता काढता पुढच्या गावातल्या भंगारवाल्याचा पत्ता सांगणारा पोरगा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पत्ता अगदी बरोबर निघाला, बरं का!