पावसाने वाढलेली महागाई रेपो रेटने कशी उतरणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची बातमी पहिल्या पानावर असते, रेपो रेट (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते तो, त्यावरून आपले हप्ते वरखाली होतात) वाढला, कमी झाला किंवा जैसे थे, पण महागाई मुळात कशाने वाढली ते एका ओळीत उरकलेलं असतं.

2016 पासून कायद्याने महागाईचं टार्गेट ठरलंय, 4 टक्के, वरखाली 2. आणि 2012 पायावर्षाच्या ज्या निर्देशांकावर आपण इतकी वर्षं महागाई मोजली त्यात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता. म्हणजे पाऊस चुकला की टार्गेटही चुकणारच ना. जुलै 2023 मधे टोमॅटो काही शहरांत 200 रुपयांवर गेला आणि महागाई 7.44 टक्के झाली, मग ऑगस्ट आला तो 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ऑक्टोबर 2024 मधे पुन्हा तेच, भाज्या वर्षभरात 42 टक्क्यांनी महाग आणि एकूण महागाई 6.21. रेपो रेट मात्र फेब्रुवारी 2023 पासून पूर्ण दोन वर्षं 6.5 वरच. कर्ज महाग ठेवून टोमॅटो पिकत नाही हो! हप्ता भरणारा पिळला गेला, आणि इकडे आमच्या नाशिकच्या कांद्यावर ऑगस्ट 2023 मधे 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, म्हणजे दुष्काळाचा मार खाल्लेल्या शेतकऱ्यालाच भाव पाडून महागाई आटोक्यात आणायची.

2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालात सुचवलं होतं की टार्गेटमधून खाद्यपदार्थच वगळण्याचा विचार करा. हे मला अजिबात पटत नाही. गरीब घरात निम्मा पगार किराणा-भाजीत जातो, तोच आकडा बाजूला ठेवला तर ती महागाई कोणाची? आणि जेवण महागलं की मजुरी, हॉटेल, डबे सगळंच हळूहळू महागतं, रिझर्व्ह बँकेची ही भीती खोटी नाही.

रिझर्व्ह बँक एप्रिल 2021 मधे हवामान जोखमीवर काम करणाऱ्या केंद्रीय बँकांच्या आंतरराष्ट्रीय गटात सामील झाली, फेब्रुवारी 2024 मधे बँकांनी ही जोखीम उघड करावी असा मसुदाही काढला. चांगलंच आहे, कारण अतिवृष्टीत पीक गेलं की पीककर्ज थकतं आणि फटका कर्ज देणाऱ्या बँकेलाही बसतो. पण मग रेपो रेट ठरवणाऱ्या पतधोरण समितीनेही प्रत्येक बैठकीनंतर स्पष्ट आकड्यात सांगावं की वाढलेल्या महागाईत ऊन-पावसाचा अंदाजे वाटा किती आणि मागणीचा किती. आणि 2022 मधे सलग तीन तिमाही 6 टक्क्यांची मर्यादा ओलांडली म्हणून रिझर्व्ह बँकेने सरकारला जे खुलासापत्र दिलं, जे सरकारने तेव्हा जाहीर केलं नाही, तेही लोकांसमोर ठेवावं.

– एक वाचक, नाशिक