खुले पत्र: फुकट शिकवणाऱ्यांना गेटवर अडवणारं खातं

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या गेटवर विज्ञान शिकवायला येणारी इंजिनिअरिंगची चार पोरं पाठीला सॅक लावून उभी होती आणि हेडमास्तर त्यांना आत घेऊ शकत नव्हते. वरून फोन आला होता, बाहेरच्या व्यक्तींना लेखी परवानगीशिवाय प्रवेश नाही. लेखी परवानगी मागणारा हा हुकूम स्वतः मात्र तोंडी! विज्ञान दिनाला याच शाळेत येऊन एक साहेब माइकवर म्हणाले होते, "उपक्रमाचं पत्र आठवड्यात काढतो." शाल, नारळ, फोटो सगळं वेळेवर झालं. पत्र तेवढं राहिलं.

ही पोरं का येतात, तेही ऐका. आमच्याकडे विज्ञानाला शिक्षक नाही. सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक शिक्षक आणि त्यात एक विज्ञान-गणिताचा, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तुमच्या खात्याचा १५ मार्च २०२४चा शासन निर्णय म्हणतो, या गटात पट वीसच्या खाली असेल तर शिक्षक शून्य. आमचा पट वीसच्या खाली आहे. वस्तीच लहान, त्याला पोरांनी काय करावं? विज्ञानाचे गुरुजी अतिरिक्त ठरून गेले. उरलेले दोघे सातही वर्ग बघतात, मतदार यादीचं, म्हणजे बीएलओचं काम करतात, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहितात आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरतात.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींची जुनी तार मी या पोरांना देत होतो. तारेचं वेटोळं, दोन सेफ्टी पिना, एक सेल, एक लोहचुंबक, झाली मोटार. तारेच्या एका टोकाचं इनॅमल, म्हणजे करंट अडवणारं आवरण, पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं अर्धंच. माझ्या मुलीनं विचारलं, अर्धंच का? शिकवणाऱ्या पोरीनं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "तू पूर्ण खरवड आणि बघ." वेटोळं जागच्या जागी डुलत राहिलं, फिरेना. मग वर्गातच भांडण लागलं. एक म्हणे सेल उतरला, दुसरा म्हणे पीन वाकडी. शेवटी एकीला सुचलं, की अर्ध्या फेरीनंतर तोच करंट वेटोळ्याला उलटं ढकलतो, म्हणून तेवढ्यापुरता तो तोडावा लागतो. साहेब, मी आयुष्यभर मोटारी बांधल्या, पण मला शाळेत हे कुणी असं दाखवलं नव्हतं. आम्ही व्याख्या पाठ केली आणि मार खाल्ला.

आता माझं. फाट्यावरून या पोरांना माझ्या टेम्पोतून आणायचं, परत सोडायचं, दुपारी घरी जेवू घालायचं. शनिवारची गिऱ्हाइकं गेली. पाच-सात हजारांचं डिझेल गेलं असेल, लिहून ठेवलं नाही. परवानगीसाठी पंचायत समितीत गेलो तर म्हणाले जिल्ह्याला जा, जिल्ह्याला गेलो तर म्हणाले पंचायत समितीमार्फत या. बायको म्हणते, तुम्हीच बदलीवर असल्यासारखे फिरताय.

मुलांच्या सुरक्षेचं कारण देता ना? ते मला पटतं, मी मुलीचा बाप आहे. म्हणून तर पोरांची आधार कार्डं, कॉलेजचं पत्र, सगळं जमा केलं आणि वर्गात एक गुरुजी कायम बसवले. आणखी काय हवं ते कागदावर द्या, तेही करू.

गंमत अशी, की दिल्लीची एआयसीटीई, म्हणजे देशभरच्या तंत्रशिक्षणाची परिषद, याच कामाला गुण देते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शंभर ॲक्टिव्हिटी पॉइंट मिळवायचे, आणि त्या यादीत स्थानिक शाळांना मदत करणं आहे. दिल्ली म्हणते जा, तालुका म्हणतो चालते व्हा. राज्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं तीनशेच्या वर. एकेकानं दहा शाळा धरल्या तरी तीन हजार होतात. माझा हिशेब कच्चा असेल, तुमच्याकडे पक्का असेल तर छापा.

हे नवं नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ खेड्यात येऊन शिक्षकांबरोबर बसत. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तिथं गेले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन बसले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. तो कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला आणि २००२ साली सरकारनंच बंद केला. पक्ष कुठलाही असो, चालतं ते बंद करायला तुम्हाला पत्र लगेच सापडतं. राज्यघटनेत वैज्ञानिक दृष्टिकोन नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलाय. कर्तव्य आमचं, गेटची किल्ली तुमची!

मागणी फार नाही. विज्ञान शिक्षकाचं पद परत द्या. तोवर या पोरांना आत येऊ देणारं एक पानी पत्र काढा, त्यावर सही करणाऱ्याचं नाव असू द्या. "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे" एवढंच लिहून पाठवणार असाल तर टपाल खर्च वाचवा. तसली पत्रं घरात आहेत.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य
(हे पत्र वाचून तेही पद अतिरिक्त ठरवलं नाहीत तर)